ओळख पाहू कोण

आईबाप मारले गेल्यावर सीमा ओलांडून आलेल्या दोघी बहिणींपैकी थोरली शिवणवर्गात चांगलीच रुळली होती. इथल्या पोरींना तोडीस तोड टोमणे मारायची. म्हणूनच एका मैत्रिणीने लाडात येऊन मागून तिचे डोळे झाकले. "ओळख पाहू कोण?"

थोरलीने हातातली कात्री मागे खुपसली. मैत्रीण किंचाळत कोसळली, तरी थोरली तिच्या मांडीवर, दंडावर वार करतच राहिली.

शिवणबाईंनी तिला केस धरून मागे ओढलं आणि सणसणीत कानाखाली दिली. "सटवे, खेळ होता तो. एवढंही कळत नाही?"

धाकटी मशीनखालून बाहेर आली. "कळतं, बाई. घरात घुसलेल्या माणसांनी आईचे डोळे असेच झाकले, तेव्हा खेळच समजून आम्ही दोघी हसलो होतो."