चिंगूचा फुगलेला गाल

चिंगूचा डावा गाल सुपारीएवढा फुगला होता. तळहातावर मावेल एवढा तो जीव, भारतमामानं पुण्याहून स्वप्नासाठी आणलेला हॅमस्टर, डब्याच्या कोपऱ्यात डोळे मिटून पडला होता. कालपासून त्यानं पाण्यालाही तोंड लावलं नव्हतं.

सिरसाळ्यात जनावरांच्या डॉक्टरकडे गर्दी होती. म्हैस बांधून बसलेल्या धुळाजीनं डब्यात डोकावून पाहिलं.

"उंदीर हाय का ह्यो?"

"हॅमस्टर हाय," दहा वर्षांची स्वप्ना म्हणाली.

"मंग उंदराचा पाहुणा म्हण की. काय बंकट, मेंढरं सोडून हे कामून धरलं?"

एरवी बंकटआबांनी त्याला बरोबर सुनावलं असतं. आज त्यांनी नातीकडे न बघता डबा मांडीवर ओढून घेतला.

डॉक्टरांनी गाल चाचपला. "गळू दिसतंय. चिरून पू काढावा लागेल. पण एवढ्याशा जिवाला भूल देण्याची मला सवय नाही, आबा. वाचेलच असं सांगत नाही. खायला काय काय घातलं?"

"त्याचे दाणे अन् काकडी," स्वप्ना म्हणाली. "दुसरं कायीच न्हाई. मीच देते सगळं."

आबा रिकाम्या डब्याची कड बोटानं पुसत राहिले.

परवा एकादशी होती. पारावर कीर्तन ऐकून, तीन तास टाळ धरून ते भरल्या मनानं घरी आले, तर स्वप्ना शाळेत गेलेली आणि चिंगूच्या वाटीत ज्वारी आणि गहू. घरात कुणाच्या तोंडी धान्य नाही, आणि याच छपराखालच्या एका जिवाचा उपास मोडायचा? त्यांनी वाटी काढून घेतली. आपल्या ताटातली साबुदाण्याची खिचडी पुढं ठेवली. दोन्ही हातांनी भराभर गालात कोंबणारा तो जीव पाहून त्यांना वाटलं, फराळ गोड लागला लेकराला.

'आबा, त्याला आपलं कायी घालू नका,' असं स्वप्नानं बजावलं होतं. 'न्हाई घालत बाई,' असं त्यांनी कबूल केलं होतं. घरात बाकीचे त्यांचं नुसतं ऐकल्यासारखं करत. ही एकटी पोर त्यांच्या शब्दावर विसंबून असायची. कीर्तनातही त्यांनाच टेकून बसायची.

डॉक्टरांनी पातं स्पिरिटनं पुसलं. चिंगूच्या गालावरचे केस बाजूला केले.

"थांबा, डॉक्टर."

पातं हवेत थांबलं.

"साबुदाणा खाल्लाय त्यानं. मीच घातला. एकादशीला."

स्वप्नाची मान गर्रकन वळली. आबा डॉक्टरांकडेच बघत राहिले.

"अहो, मग आधी बोलायचं," डॉक्टर म्हणाले. पातं खाली ठेवलं. "यांना गालात पिशवी असते, साठवायला. तिथं चिकटून आंबला असेल. धरा नीट. हलू देऊ नका."

शेकडो कोकरं सावरलेल्या हातांनी आबांनी चिंगूला धरलं. डॉक्टरांनी कोमट पाणी सोडलं, बारीक चिमटा घातला. आंबूस वासाचा चिकट गोळा निघाला. मग दाणे, एकेक. शेवटचा गोळा ओढताना चिंगूचे पाय ताठले आणि ढिले पडले. आबांचे ओठ विठ्ठलाच्या नावानं हलत होते.

बोटाखाली काहीतरी धडधडलं. मिशा हलल्या.

"उद्यापर्यंत काही सांगता येणार नाही," डॉक्टर म्हणाले. "अर्ध्या अर्ध्या तासानं ड्रॉपरनं पाणी द्या."

परतीच्या रिक्षात स्वप्ना पार कडेला सरकून बसली. डबा तिच्या मांडीवर. गावाची कमान दिसायला लागली. मग रस्त्याकडे बघतच ती म्हणाली, "आणिक काय काय घातलं होतं?"

"शेंगदाण्याचा लाडू," आबा म्हणाले. "मागच्या महिन्यात. दोनदा."

"आणिक?"

"थोडं दूध. बास. न्हाई, बुंदीबी एकदा."

ती हसली नाही. पण डबा उचलून तिनं दोघांच्या मधे ठेवला आणि ड्रॉपर त्यांच्या हातात दिला.

"झाला अर्धा तास. मी धरते. तुमी पाजा, हळू."

आबांनी पहिला थेंब चिंगूच्या ओठाशी नेला आणि दोघं श्वास धरून बघत राहिले.