बाटलीतल्या पेशी

अमजदभाईंनी ट्यूबवर ठिगळ ठेवलं आणि अंगठ्याने दाबून धरलं. कापूरहोळच्या फाट्यावर एसटी थांबली, पुण्याहून आलेली त्यांची लेक फौजिया उतरून त्यांच्या पंक्चरच्या दुकानात शिरली, तरी त्यांनी अंगठा उचलला नाही. ठिगळ बसलंसं वाटल्यावर मान वर केली आणि दर रविवारचा प्रश्न विचारला.

"अम्मीच्या त्या पेशी जित्या हायेत का गं?"

"आहेत, अब्बा."

अमजदभाईंनी ट्यूब पाण्याच्या टबात बुडवली.

फौजिया धडधडीत खोटं बोलली होती. अम्मीला, म्हणजे गुलजारबींना, रक्ताचा कर्करोग झाला, तेव्हा फौजिया काम करायची त्या पुण्याच्या प्रयोगशाळेने त्यांचं रक्त मागितलं होतं. लेकीच्या कामाला येतंय म्हणून त्यांनी हसत हात पुढे केला. त्या गेल्या, त्यांच्या रक्तातल्या पेशी मात्र काचेच्या बाटलीत वाढत राहिल्या. अम्मीचं काहीतरी अजून जिवंत आहे, असं फौजियाने भोरला दफनाच्या दुसऱ्या दिवशी अब्बांना सांगितलं, तेवढाच त्यांना आधार म्हणून. तेव्हापासून हा प्रश्न एकदाही चुकला नव्हता.

या आठवड्यात शेवटची बाटली उरली होती. गोठवून ठेवलेला साठाही आधीच्या प्रयोगांत संपला होता. पेशीतलं एक प्रथिन डीएनएवर नेमकं कुठे बसतं, एवढंच तिला पाहायचं होतं. त्यासाठी पेशी जिवंत असतानाच फॉर्मॅलिन घालायचं. प्रथिन बसल्या जागी चिकटतं, अब्बांच्या पंक्चरच्या सोल्युशनने चिकटल्यासारखं, आणि पेशी तिथल्या तिथे मरते. मग ती फोडून ते प्रथिन डीएनएच्या तुकड्यासकट बाहेर ओढायचं. तिने ओढलं. हाती काहीच लागलं नाही. प्रयोगही गेला आणि अम्मीही, म्हणून ती बेसिनपाशी उभ्या उभ्या रडली होती.

हे अब्बांना सांगायची तिची छाती झाली नाही.

"वाढत्यात अजून?" अमजदभाईंनी विचारलं.

"हो. चांगल्या वाढतायत."

ठिगळाच्या कडेने बुडबुडे येत होते. अमजदभाईंचं तिकडे लक्ष नव्हतं.

"डॉक्टरांनी मला तवाच सांगितलं व्हतं," ते म्हणाले. "चांगल्या पेशी बाटलीत टिकत न्हाईत. वाढत्यात त्या रोगाच्या. तुज्या अम्मीला त्यांनीच खाल्लं. दर रविवारी वाटतं, आज तरी तू म्हनशील, मेल्या."

फौजिया मटकन जुन्या टायरवर बसली. दोन वर्षं ती त्यांना आधार देत होती!

"अब्बा, मेल्यात त्या. मीच मारल्या, बुधवारी. एकही उरली नाही. खरंच."

अमजदभाईंनी ओला हात पायजम्याला पुसला आणि तिच्या डोक्यावर ठेवला.

"ऱ्हाऊ दे, बेटा," ते म्हणाले. "मला बरं वाटावं म्हनून खोटं नको बोलूस."