आधी घोडं

"म्हाताऱ्याला काही रीतच नाही!" द्वारकाबाईंनी नातीला सुनावलं. "रोज गुळाची दशमी देते. हसून घेतो, खिशात कोंबतो आणि चालू पडतो. माझ्या हातचं विष आहे का?"

"आजी, रिलॅक्स! आवडत नसेल त्यांना," सुचित्रा म्हणाली.

साल १९८४. शेजारचे मिस्टर हॉलिस सत्त्याऐंशीचे. मूळचे ऑस्ट्रेलियाचे, उतारवयात इथं अमेरिकेत, चँडलरला लेकीकडे आलेले. अंगावर मूठभर मांस नाही. आज त्यांनी दशमी खिशात टाकली, तशा द्वारकाबाई नातीला ओढत त्यांच्या मागोमाग निघाल्या. आज सोक्षमोक्ष लावायचाच.

कालव्याकाठी कुंपणापलीकडे एक म्हातारी घोडी उभी होती. हॉलिसनी दशमी मोडली, अर्धी तळहातावर ठेवली आणि हात सपाट पुढे केला. बोटं ताठ, अंगठा चिकटून.

द्वारकाबाई थबकल्या. असा हात त्यांनी एकाच माणसाचा पाहिला होता, रिसाल्यात घोड्यांची निगा राखणारे मोतद्दार असलेल्या वडिलांचा.

"विचार गं, पलटणीत होता का."

म्हातारा थकल्या आवाजात बोलत राहिला, सुचित्रा जमेल तसं मराठीत सांगत गेली. पहिल्या महायुद्धात तो पॅलेस्टाइनला घोडदळात होता. दोन-दोन दिवस पाणी नसे, मिळालं की आधी घोडीला. लढाई संपली, माणसं बोटीनं घरी गेली. घोडे न्यायचे नाहीत, असा हुकूम. थकलेल्यांना गोळ्या घातल्या, त्याची घोडी धडधाकट म्हणून हिंदुस्थानी रिसाल्याला दिली. दुसऱ्या युद्धात वय चोरून पुन्हा भरती झाला, तर तोवर घोडे गेलेले, हाती आली ट्रकच्या गोदामाची किल्ली.

"आजी, तो विचारतोय, इंडियात तिला नीट खायला दिलं असेल का? सिक्स्टी फाइव्ह इयर्स त्याच्या डोक्यात हेच आहे."

हॉलिस कुंपणाची तार धरून बाईंकडे बघत होते.

बाईंना दिसलं, आई चुलीपाशी ताटकळलेली, पोरं पेंगलेली, आणि वडील अजून पागेतच. अंगावर परमुलखाचा डागलेला शिक्का असलेले उंच घोडे तिथं होते खरे. पण त्यात ह्यांचीच घोडी होती, असं खोटं कशाला बोला?

बाईंनी उरलेली अर्धी दशमी हॉलिसच्या हातातून घेतली आणि त्यांच्या तोंडापुढे धरली.

"सांग गं यांना. तुमची घोडी आमच्याकडे आली की नाही, मला ठाऊक नाही. पण घोडं खाल्ल्याशिवाय माझ्या बापानं घास गिळला नाही, आणि त्याच्याआधी आम्ही नाही. उपाशी निजलो असू तर आम्ही, घोडं नाही. रीत आहे तुम्हाला, कळलं मला. आता या घोडीचंही खाऊन झालं. गुमान खा."