एकोणिसाव्या खणातली बाई

साहेब, त्या बाईला देवी तुम्ही केलंत आणि पाप माझ्या आईच्या माथी मारलंत. मी तीन अर्ज केले. एकाचंही उत्तर आलं नाही. म्हणून आता सगळं पहिल्यापासून लिहिते, आणि तुमच्या टेबलापुरतं नाही, चारचौघं वाचतील असं लिहिते.

आई तुमच्या नाणेविभागात बावीस वर्षं ठसे करायची. लोकांना वाटतं, संग्रहालयाच्या पुस्तकातले फोटो नाण्यांचे असतात. तसं नसतं. चांदी चकाकते, चेहऱ्यावर उजेडाचा डाग पडतो, म्हणून आधी नाण्याचा पांढरा प्लास्टरचा ठसा करतात आणि फोटो त्या ठशाचा काढतात. हे काम आईचं. तळघरातली खोली, तिला एकच खिडकी, तीही रस्त्याच्या पातळीला. दिवसभर नुसते लोकांचे पाय दिसायचे. मऊ मातीवर शंखजिरं भुरभुरायचं, नाणं दाबायचं, अलगद उचलायचं, साच्यात कुंचल्यानं प्लास्टरचा पहिला हात फिरवायचा, मग ओतायचं. सगळे तिला प्लास्टरमावशी म्हणत. घरी यायची तेव्हा भुवया पांढऱ्या. लहानपणी मला वाटायचं, आई रोज कामावर थोडी म्हातारी होते आणि तोंड धुतलं की परत तरुण होते.

प्लास्टरमध्ये हवा अडकते. ठसा सुटला की त्यावर टाचणीच्या डोक्याएवढे खड्डे दिसतात. ते सुईच्या टोकानं भरायचे, हा नियम तुमचा. पहिल्याच आठवड्यात तुम्ही सांगितलंत, "मावशी, खड्डा दिसला की भरायचा. पुस्तकात देवीच्या तोंडावर देवीचे व्रण नकोत." खोलीतले सगळे हसले. आईही हसली. घरी येऊन तिनं तो विनोद मला दोनदा सांगितला.

शाळा तिची चौथीपर्यंत. पण नाण्यांच्या कपाटातल्या खणाखणातल्या सगळ्या देव्यांना तिनं आपली नावं ठेवली होती. एक पंखवाली, एक कणसंवाली. एकीच्या डोक्यावर गावाच्या तटबंदीचा मुकुट होता. तिच्याबद्दल म्हणायची, "ही आपली थोरली काकू. अख्खं गाव डोक्यावर घेऊन बसलीये आणि वर तोंड वाकडं."

एकोणिसाव्या खणात सात चांदीची नाणी. एका बाजूला बाईचं डोकं, दुसऱ्या बाजूला होडी. अक्षरं झिजून गेलेली. प्रत्येक नाण्याखाली गोल चिठ्ठी, तिच्यावर तुमच्या अक्षरात 'देवी, नाव अज्ञात'. आई कामाला लागली त्याच वर्षी तिनं या सातांचे ठसे केले. पुस्तक निघालं, त्यावर तुमचं नाव आलं. तिचं आलं नाही, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. प्लास्टरवर कोण सही करतं?

मग तिला काचबिंदू झाला. आधी कडेचं दिसेना, मग समोरचंही धूसर. तुम्हाला कळलं तर काम जाईल म्हणून ती अंगठ्यानं बघायला शिकली. भिंतीला हात न लावता तुमच्यासमोरून चालायचीसुद्धा सवय केली. आणि तिच्या कामाच्या बाविसाव्या वर्षी पुस्तकाची नवी आवृत्ती निघायची ठरली. होडीवालीचे जुने ठसे पिवळे पडले होते, ते तुम्ही नव्यानं करायला सांगितलेत.

एका संध्याकाळी ती घरी आली आणि तोंड न धुताच खुर्चीत बसली.

"इकडे ये. अंगठा दे."

तिनं माझा अंगठा धरून स्वतःच्या डाव्या कानाच्या पाळीवर ठेवला. पाळी मधोमध फाटलेली आहे, दोन ओठ झाल्यासारखी. मी सव्वा वर्षाची असताना कडेवर बसून तिचं कानातलं ओढलं होतं.

"माहीत आहे मला," मी म्हटलं. "दर भांडणात ऐकते."

"गप. होडीवालीचा कान असाच आहे."

"बुडबुडा असेल."

"बुडबुडा एकाच जागी पाच वेळा येत नाही गं." तिनं सातही नाणी बोटांवर मोजावीत तशी सांगितली. "दोन नाण्यांवर पाळी अखंड आहे. तिथं मान बारीक, हनुवटी टोकदार. पाचांवर फाटलेली. आणि त्या पाचांत हनुवटीखाली वळी येत जाते. आधी एक, मग दोन. शेवटच्यावर कानातलं फाटीच्या वर टोचलंय, मी घालते तसं. देवीचं कुठं वय होतं? ही कुणीतरी बाई आहे. नाण्यावर राहून राहून म्हातारी झालीये."

"आणि कान?"

"लेकरू असणार हिला."

मला हसू आलं. तिला नाही आलं.

"आणि मी ते भरलं," ती म्हणाली. "तेव्हा. पाचही कान, सुईनं. हनुवटीच्या रेघासुद्धा. नवी होते ना, मला वाटलं माझंच प्लास्टर वाईट."

मग उठून तिनं तोंड धुतलं. त्या दिवशी धुतल्यावरही ती म्हातारीच राहिली.

दुसऱ्या दिवशी मी तिला तुमच्याकडे घेऊन आले, कारण वरच्या मजल्याचा जिना तिला दिसत नव्हता. तिच्या पदराला पाच नवे ठसे बांधलेले होते, न भरलेले. तुम्ही चहा पीत होतात. तिनं सगळं नीट सांगितलं, एकदाही न अडखळता. आदल्या रात्री माझ्यासमोर पाठ केलं होतं तिनं.

"मावशी," तुम्ही म्हणालात, "देवीचा कान कोण ओढेल?"

"तेच म्हणतेय साहेब. देवीचा कुणी ओढणार नाही."

"तुम्ही ठसे करा, इतिहास आम्ही करतो." तुम्ही पुस्तक उघडलंत आणि पान तिच्यासमोर सरकवलंत, जे तिला दिसत नव्हतं. "हे बघा. कुठं आहे फाट? गुळगुळीत आहे सगळं."

"ते मी भरलंय. तुम्हीच सांगितलं होतं, खड्डा दिसला की भरायचा."

तुम्ही पुस्तक मिटलंत. "म्हणजे बावीस वर्षं तुम्ही संग्रहाचे ठसे बिघडवत होतात?"

 मी बोलणार होते, आईनं माझा हात दाबला. मग तिनं पदराची गाठ सोडून पाच ठसे टेबलावर ओळीनं ठेवले. "एकदा खण उघडा साहेब. नाण्याला अंगठा लावून बघा. बाकी काही नको."

"मला डोळे आहेत," तुम्ही म्हणालात. मग एक ठसा उजेडाकडे धरलात. "यात हवा राहिलीये." आणि पाचही टेबलाखालच्या डब्यात टाकलेत. प्लास्टर फुटल्याचा आवाज तिनं बरोबर ओळखला. दर आवाजाला तिची मान थोडी थोडी वळत होती.

आठ दिवसांनी कागद आला. नजर अधू, काम सदोष, सेवा समाप्त.

तुम्ही तिला मारलंत असं मी म्हणणार नाही. छातीत प्लास्टर आधीपासून होतं. पण पाच महिने ती अंथरुणावर पडून कानाच्या पाळीवरून अंगठा फिरवत राहिली, पाळी झिजेल इतका. मी हात बाजूला केला की परत तिथंच जायचा. शेवटच्या आठवड्यात म्हणाली, "ती चिठ्ठी तेवढी बदलून घे. नाव नको लिहायला, नाव आपल्याला तरी कुठं माहितीये. नुसतं 'बाई' लिहा म्हणावं." मी हो म्हटलं. मग म्हणाली, "तुझा राग नाही हं मला, कानाचा." एवढी वर्षं दर भांडणात उगाळलेला कान तिनं असा सोडून दिला.

नवी आवृत्ती गेल्या महिन्यात आली. तुमच्याच दारातल्या काउंटरपाशी उभी राहून मी ते पान बघितलं. फोटो जुन्याच ठशांचे आहेत. पाचही कान गुळगुळीत, पाचही हनुवट्या सोळा वर्षांच्या पोरीच्या. खाली लिहिलंय, देवी. म्हणजे माझ्या आईनं बिघडवलेले ठसे तुम्हाला चालले. तिनं सुधारलेले डब्यात गेले.

ती कोण होती ते मला माहीत नाही. राणी असेल, नसेल. लेकराचं तर आईनं अंदाजानंच म्हटलं होतं, तेही चुकीचं असू शकतं. पण फाट आहे की नाही याला अंदाज लागत नाही, अंगठा लागतो.

किल्ली तुमच्याकडे आहे. एकोणिसावा खण उघडा, होडीवालीची नाणी एकेक करून उचला आणि कानाच्या पाळीवर अंगठा लावा. पाळी अखंड आहे की फाटलेली? एका शब्दात लिहून कळवा, साहेब. आणि या वेळी उत्तर द्या.