कात्रपचा तेरडा

कात्रपला तेव्हा इमारती नव्हत्या. बदलापूर स्टेशनकडून पायवाटेने निघालं की दोन्ही हातांना मोकळी जमीन लागे आणि श्रावण सरता सरता तिच्यावर गुलाबी तेरडा उभा राही. त्या तेरड्यासाठीच आमच्या यांनी प्लॉट घेतला, असं वृंदा हसत सांगे. ते अगदीच खोटं नव्हतं. कुळकायद्यात गावची जमीन गेल्यापासून तिच्या सासूबाईंना, भागीरथीबाईंना एकच सल होता, की गौर परक्या मातीतून आणावी लागते. त्यांच्या घरात गौर म्हणजे मुळासकट उपटलेला तेरडा. मुळं म्हणजे तिची पावलं. प्लॉट घेतला आणि गौर पुन्हा आपल्या मातीतून घरी येऊ लागली.

पुढे वृंदाच्या नवऱ्याने, विष्णुपंतांनी तिथे घर बांधायचं मनावर घेतलं आणि खोलगट जागेत मातीचा भराव टाकला. माती कुठली, कुणी विचारलं नाही. पाऊस पडला तसं तिच्यातून गाजरगवत उगवलं. वृंदाला त्याची बारीक पांढरी फुलं इतकी आवडली, की तिने चार काड्या आणून फुलदाणीत ठेवल्या.

पुढच्या वर्षी ते कमरेएवढं झालं. पाड्यावरच्या जनाबाईला घेऊन वृंदा आषाढभर उपटत राहिली. मानेवर पुरळ उठलं, बोटं सुजून फुटली.

"जनाबाई, हा तुकडा आपण परवाच साफ केला ना?"

"केला व्हता. माझे सवतीवानी परत आलाय, बाय."

तेरडा आता कुंपणाकडच्या उतरत्या कोपऱ्यात तेवढा उरला होता.

बायकोचे हात विष्णुपंतांना बघवेनात. अंबरनाथच्या कारखान्यात अधिकारी म्हणून जन्म गेलेला माणूस; त्यांनी तणनाशक आणलं आणि पाठीवरचा पंप.

"अहो, आणि तेरडा?"

"तुझ्या गौरीला रेनकोट घालतो."

त्यांनी खरंच त्या कोपऱ्यावर प्लास्टिक अंथरून कडेने विटा ठेवल्या. तेरड्यावर थेंब उडू दिला नाही. पण फवारणी आटोपते तोच पाऊस कोसळला आणि सगळ्या प्लॉटचं पाणी उतारावरून त्या प्लास्टिकखाली शिरलं. आठवड्याभरात तेरडा पिळवटून काळा पडला. गवतही मेलं. थोडे दिवस जमीन उघडी दिसली, मग पुन्हा हिरवी झाली. ते सगळं गाजरगवतच होतं.

गौरी आणायच्या दिवशी वृंदा ते दोन्ही हातांनी बाजूला सारत फिरली. एक रोप मिळालं असतं तरी पुरे होतं. शेजारच्या जमिनींतही पाहिलं. तिथेही यांच्याच प्लॉटमधलं बी उडून रुजलं होतं. शेवटी तिने स्टेशनजवळच्या बाजारातून जुडी घेतली.

राहत्या घराच्या दारात भागीरथीबाई तांब्या घेऊन उभ्या होत्या.

"कोण आली?"

"गौर आली."

"कशाच्या पावलांनी आली?"

"सोन्याच्या पावलांनी आली."

पाय धुवायला म्हातारी वाकली आणि तशीच थांबली. जुडीची टोकं विळ्याने सपाट कापलेली होती.

"हिचे पाय कुठायत?"

"बाजारात कापलेलाच मिळतो, आई."

"आणि आपला?"

विष्णुपंत मागे चपला काढत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"आपला गेला," वृंदा म्हणाली.

भागीरथीबाईंनी त्या कापलेल्या टोकांवर पाणी घातलं आणि गौर आत घेतली. गौरीला साडी नेसवताना त्या म्हणाल्या, "पुढल्या वर्षी नदीवरचे खडे आणा. खड्यांच्या गौरी बसवतात ना लोक."

"आपल्यात तशी पद्धत नाही, आई."

"नसू दे. खडे मरत तरी नाहीत."

वृंदा निऱ्या सारख्या करत राहिली. त्यानंतर ती कात्रपला गवत उपटायला गेली नाही.