टॅलबर्टवरची चिठ्ठी

मेच्या सुरुवातीला आम्हाला चौथ्यांदा बिअर मिळाली, आणि एकाच्याही तोंडावर हसू नव्हतं. आमच्या आरमारात बोटीवर दारूचा थेंब चालत नाही. पण सलग पंचेचाळीस दिवस जमिनीला पाय लागला नाही, तर माणशी दोन डबे बिअर देतात. म्हणजे बिअर आली की समजायचं, अजून अडकलोय. सहा महिन्यांच्या बोलीवर निघालेली आमची 'डनमोर' तांबड्या समुद्रात नववा महिना घिरट्या घालत होती.

"चीफ, तुमचे डबे मला द्या," इंजिनरूममधली माझ्या हाताखालची ऑर्टिझ म्हणाली. "असं सुतकी तोंड करून प्यायची गोष्ट आहे का ही?"

"गप पी," मी खेकसलो.

माझं तोंड सुतकी का, ते सगळ्या बोटीला ठाऊक होतं. माझी एकुलती एक लेक कोरिन. बायको गेल्यावर मीच वाढवली, तीही निम्मी फोनवरून. लग्नात वेदीपर्यंत डॅडनेच हात धरून न्यायचं, हा तिचा लहानपणापासूनचा हट्ट. माझ्यासाठी तिने तारीख दोनदा पुढे ढकलली होती. आता चौदा जून, आणि यापुढे एक दिवस नाही. तिला पाचवा महिना लागला होता. "पोशाखात मावायला नको का मी?" असं पोरगी म्हणाली.

आमच्या जागी येऊन आम्हाला सोडवायला 'टॅलबर्ट' बोट यायची होती. ती घरी, नॉरफोकच्या गोदीत पडून. मार्चमध्ये निघणार होती, मग एप्रिलमध्ये, मग मेमध्ये. माझा बाप याच समुद्रात नोकरीला होता, तेव्हा बदली बोट दिवस चुकवत नसे. आता समोरून मोपेडच्या किमतीचं ड्रोन, उडतं खेळणं, येतं, ते आम्ही अख्ख्या बंगल्याच्या किमतीच्या क्षेपणास्त्राने पाडतो, आणि घरी एक बोट धड दुरुस्त होत नाही. डोकं फिरेल नाही तर काय!

त्यात माझा होणारा जावई ट्रेंट त्याच गोदीत, त्याच टॅलबर्टवर फिटर. दर रविवारी दहा मिनिटं व्हिडिओ कॉल मिळायचा. त्यातली पाच मी त्याला झाडण्यात घालवायचो.

"काय रे, झोपा काढता का तिथे? माझ्या जागी काय तुझ्या मामाला उभं करू?"

"चीफ, बाकी सगळं झालंय हो," तो गरीब बिचारा म्हणायचा. "एक पंप नाही. इंजिन थंड ठेवणारा. बनवणारा कारखानाच बंद पडलाय."

"मग होता तो गेला कुठे? कोणत्या गाढवाने गिळला?"

"बघून सांगतो."

त्याने बघितलं. बिअरच्या दुसऱ्या दिवशी त्याचा फोटो आला, खाली एक अक्षर नाही. रिकामी जागा, चार उघडे बोल्ट, आणि तारेने बांधलेली पिवळी चिठ्ठी. 'डनमोरसाठी नेला. सहा आठवड्यांत नवा देतो. एच. ब्रिग्ज.'

माझं अक्षर. माझी सही.

तेव्हा आठवलं. निघायच्या आदल्या शुक्रवारी आमचा पंप तडकला होता. सोमवारी निघायचंच, असा वरून हुकूम. शेजारच्या धक्क्यावर टॅलबर्ट उभी होती. मी आणि ऑर्टिझने तासाभरात तिचा पंप उतरवला, रिवाजाप्रमाणे चिठ्ठी बांधली. आमच्यात सगळेच असं करतात, त्याला कोणी चोरी म्हणत नाही. असे किती भाग इकडचे तिकडे केलेत मी! हा तर साफ विसरून गेलो होतो. आणि तीन महिने ज्या गाढवाला शिव्या घालत होतो, तो मीच.

ऑर्टिझला फोटो दाखवला. तिने आमच्या चालू पंपाकडे पाहिलं. मग म्हणाली, "चीफ, या पंपाचं तेल दहा मिनिटं बंद केलं तर बेअरिंग जळेल. मग आपल्याला ओढत घरी न्यावंच लागेल. चौदाच्या आत."

"चेष्टा करतेस?"

"अर्धी."

ती गेल्यावर मी पंपापाशी उभा राहिलो. तेलाच्या चावीवर हात ठेवला. खोटं कशाला बोलू, फिरवलीसुद्धा, पाव फेरा. कोरिन पांढऱ्या पोशाखात दारात उभी दिसत होती. पण हा जळला, तर इथे भर समुद्रात तीनशे माणसं बंद इंजिनावर, वरून ती खेळणी. आणि टॅलबर्टला द्यायलाही काही उरणार नाही. मी चावी पूर्ववत केली.

रविवारी दोघं पडद्यावर आली. ट्रेंटने तिला काही सांगितलं नव्हतं. मीच सांगितलं, सगळं.

कोरिन रडली नाही. "म्हणजे तू येत नाहीस," एवढंच म्हणाली.

"नाही गं बाळा. तारीख बदलू नकोस. आणि ट्रेंट, तुला फार बोललो रे."

"असू द्या. चीफ, ती चिठ्ठी... काढून टाकू का? माझ्याशिवाय कोणी वाचलेली नाही अजून."

"नको," मी म्हणालो. "लोंबू दे तिथेच. टॅलबर्टची पोरं विचारतील, तेव्हा नाव कळायला हवं."

चौदा जूनला दुपारी माझी पाळी होती. पंपाला तेल घातलं. चांगला चालला होता.