मागची तारीख

सेलूच्या त्या रक्त तपासायच्या लॅबमधला कॉम्प्युटर भाद्रपदात काळा पडला. काळा म्हणजे बंद नव्हे. चालू व्हायचा, सगळं काम करायचा, पण पडद्यावरचं हिरव्या शेताचं चित्र जाऊन तिथं नुसता काळोख आला होता आणि खाली उजव्या कोपऱ्यात इंग्रजीत एक ओळ: ही विंडोज अस्सल नाही. धम्मशीलानं ती पहिल्या दिवशी वाचली आणि सोडून दिली. तापाचे दिवस होते. बाकड्यावर माणसं मावत नव्हती, पायऱ्यांवर लेकरं घेऊन बाया बसलेल्या. कोपऱ्यातली ओळ बघायला सवड कुणाला होती.

धम्मशीला चारठाण्याची. लॅबचा कोर्स करून तिला ही नोकरी लागली त्याला आता बरीच वर्षं झाली होती. सकाळी जीपनं देवगाव फाट्यावरून सेलूला यायचं, दिवसभर रक्तं काढायची, मशीनला लावायची, रिपोर्ट छापायचे आणि संध्याकाळी तसंच परत. लॅबचे मालक अवधूत सर स्वतः टेक्निशियनच, पण आता काउंटरवर बसायचे आणि डॉक्टरांकडं फेऱ्या मारायचे. रिपोर्टावर सही परभणीच्या एका डॉक्टरांची असायची. ती आधीच कॉम्प्युटरात घालून ठेवलेली होती.

काळ्या पडद्यापर्यंत ठीक होतं. आठवड्यानं कॉम्प्युटर आपोआप बंद पडायला लागला. तासभर चालला की फट्‌कन बंद, की पुन्हा पहिल्यापासून सुरू करा. निम्मा टाइप केलेला रिपोर्ट गेला, की बाहेरची माणसं कुरकुरायची.

"सर, नवीन विंडोज घ्यावी लागंल," धम्मशीला म्हणाली.

"घेतली असती गं. पण आपलं लॅबचं सॉफ्टवेअर नव्यावर चालत नाही. ज्यानं बनवून दिलं तो पुण्याला गेला, फोन उचलत नाही. सीझन जाऊ दे, मग सगळंच बदलू. तुझा तो मावसभाऊ बघतो ना कॉम्प्युटरचं?"

नागेश बघत होता. बसस्टँडच्या मागं त्याचं मोबाइल-कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. तो पेनड्राइव्ह घेऊन आला. त्यात एक छोटा प्रोग्रॅम होता, तो चालवला की विंडोज स्वतःला अस्सल समजायची. काळोख गेला, शेत आलं. चार दिवसांनी पुन्हा काळोख. मग त्यानं कुठून तरी मिळवलेली विंडोजची किल्ली, म्हणजे तो लांबलचक नंबर, टाकून बघितली, ती आधीच कित्येक कॉम्प्युटरांना वापरून झालेली निघाली. मग एक फाइल काढली, एक घातली. प्रत्येक वेळी थोडे दिवस बरे जायचे आणि पुन्हा ती ओळ कोपऱ्यात यायची.

"ताई, आता एकच इलाज हाय," तो शेवटी म्हणाला. "तारीख मागं न्यायची. एक महिना मागं नेली की त्याला वाटतंय मुदत अजून संपली न्हाई. बंद पडणार न्हाई."

"रिपोर्टवर तारीख मागची येईल ना पण?" अवधूत सरांनी विचारलं.

"ती येईल. पेनानं खोडून आजची टाकायची."

सरांनी धम्मशीलाकडं बघितलं. तिनं मान हलवली. खोडून लिहायला काय लागतं. नागेशनं त्याच संध्याकाळी तारीख मागं नेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळीच रेणुका नवऱ्याला घेऊन आली. नवरा, पंडित, जिनिंगमध्ये हमाल. अंगानं चांगला दणकट, पण त्या दिवशी त्याला पायऱ्या चढवेनात. रेणुकानं त्याला खांद्याखाली धरून वर आणलं. कापसाचा हंगाम सुरू व्हायच्या आत शेड झाडून घ्यायला लावलंय, तिथं गुडघाभर पाणी साचलंय, तिथलेच डास, असं ती बोलत होती. सुई लागताना पंडितनं नुसते डोळे मिटले.

"कुठलं गाव?"

"देवगाव फाटा. फाट्यालाच घर हाय, टायरच्या दुकानाच्या मागं."

"मग मी रोज तिथूनच जाते," धम्मशीला म्हणाली आणि दंडाची पट्टी सोडली.

गर्दी खूप होती. एरवी ती मशीनच्या छोट्या पडद्यावरचे आकडे आणि छापलेला रिपोर्ट एकदा ताडून बघायची. त्या सकाळी बघितलं नाही. आकडे मशीनमधून आपोआप कॉम्प्युटरात जायचे, तसेच गेले असं तिनं धरलं. रिपोर्ट छापला, तारीख पेनानं दुरुस्त केली. रेणुका काउंटरपाशी उभी होती.

"घाबरण्यासारखं हाय का काही, बाई?"

धम्मशीलानं कागदावर नजर टाकली. प्लेटलेट दोन लाखांच्या वर. "न्हाई. पेशी भरपूर हाईत. डॉक्टरला दाखवा, गोळ्या देतील."

रेणुकाचा चेहरा सैल झाला. तिनं नवऱ्याला सांगितलं, "बगा, मी म्हनत नव्हते?" आणि दोघं पायऱ्या उतरून गेले. डॉक्टरांनीही कागद बघितला आणि गोळ्या देऊन घरी पाठवलं.

दुपारी एका दवाखान्यातून फोन आला. कंपाउंडर विचारत होता, मागच्या आठवड्यात ज्या गरोदर बाईचं रक्त सात होतं, ते आज चौदा कसं झालं. धम्मशीलानं मशीनची मेमरी उघडली. मशीनमध्ये सातच होतं. कागदावर चौदा. तिनं दुसरा रिपोर्ट काढला, तिसरा काढला. एकही जुळत नव्हता.

मग तिच्या ध्यानात आलं. सॉफ्टवेअर तारखेवरून प्रत्येक रक्ताला नंबर द्यायचं. तारीख मागच्या महिन्याची, म्हणून नंबरही मागच्या महिन्याचे, आणि त्या नंबरांपुढं त्या वेळच्या माणसांचे आकडे आधीच बसलेले. नाव तिनं नवं टाकलं ते त्यानं घेतलं. आकडे मात्र जुनेच ठेवले. सकाळपासून ती आजच्या माणसांना मागच्या महिन्यातल्या माणसांचं रक्त वाटत होती.

मशीनमधले खरे आकडे ती एकेक करून खाली बघत गेली. बहुतेकांचं थोडं इकडं-तिकडं होतं. एका ठिकाणी बोट थांबलं. पंडित. प्लेटलेट अठरा हजार. तिनं त्याची नळी शोधून पुन्हा लावली. पुन्हा अठरा हजारच.

"सर, हे बघा. हा माणूस घरी गेलाय."

अवधूत सरांनी बघितलं. त्यांचंही तोंड उतरलं. त्यांनी आधी उठून दार लोटलं. "नागेशला बोलव. तारीख पहिली नीट कर म्हणाव. आणि सगळ्यांना फोन करत बसू नको. गावभर होईल. जे परत येतील त्यांचं परत करून देऊ."

"पण ह्याचं? ह्याला ॲडमिट करावं लागंल."

"त्याचं मी डॉक्टरांना सांगतो. ते बोलावून घेतील."

धम्मशीलानं तरी रजिस्टरमधला पंडितचा नंबर एकदा लावला. बंद होता. सरांनी खिशातून मोबाइल काढला आणि बाहेर गेले. ते बोलतायत असं तिला काचेतून दिसलं. तिनं सुटकेचा श्वास टाकला.

संध्याकाळी जीप नेहमीसारखी देवगाव फाट्यावर थांबली. ड्रायव्हर चहाला उतरला. टायरचं दुकान समोरच होतं, त्याच्या मागं पत्र्याचं घर, दारात बांधलेली शेळी. उतरून विचारावं असं तिला वाटलं. पण काय सांगायचं? सकाळी भरपूर आहेत म्हणाले, आता नाहीत म्हणते? सरांनी डॉक्टरांना सांगितलंच असेल. आत्तापर्यंत ती माणसं सेलूला निघालीही असतील. आपण जाऊन उगं गोंधळ. शेजारची बाई म्हणाली, "सरका जरा," तर ती सरकून बसली. ड्रायव्हर आला, जीप निघाली.

दुसऱ्या दिवशी तिनं सरांना विचारलं, "सांगितलं ना डॉक्टरला?"

"हो गं, बघतो म्हणाले," सर म्हणाले आणि समोरच्या माणसाची पावती फाडायला लागले.

तिनं पुन्हा विचारलं नाही.

रेणुका परत आली तेव्हा तिच्या कपाळावर कुंकू नव्हतं. बरोबर सासरा होता, सटवाजी, वाळलेला, धोतर नेसलेला म्हातारा. रेणुकानं तो कागद काउंटरवर ठेवला. परभणीच्या मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तो बघून विचारलं होतं, हा रिपोर्ट कुणाचा आहे? तिथं पोचेपर्यंत पंडितच्या हिरड्यांतून, नाकातून रक्त यायला लागलं होतं. दाखल करून घेतला, रक्ताची पिशवी लावली, पण पहाटेच्या आत तो गेला.

ती भांडायला आली नव्हती. आवाज चढवला नाही. "मला एवढंच सांगा," ती म्हणाली, "इथं भरपूर हाईत म्हनले. मंग येवढ्यात गेल्या कुठं?"

अवधूत सर उठून उभे राहिले. "ताई, डेंग्यूत असंच होतं. झपाट्यानं पडतात. सकाळी असतात, संध्याकाळी नसतात. कुणाच्या हातात नाही."

"असं असतंय का, बाई?" रेणुकानं धम्मशीलाला विचारलं.

धम्मशीलाच्या हातात नळ्यांचा ट्रे होता. सर तिच्याकडं बघत होते. "असतं कधीकधी," ती म्हणाली.

रेणुकानं कागद घडी घालून परत पिशवीत ठेवला. दोघं पायऱ्या उतरले. सटवाजी कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होता. धम्मशीलानं ट्रे ठेवला. सर म्हणाले, "कुठं निघालीस?" ती पायऱ्या उतरली. रस्त्यावर रसवंतीपाशी तिनं त्यांना गाठलं आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. तारखेचं, नंबराचं, अठरा हजाराचं. सरांनी सांगतो म्हटलेलं. आपला फोन न लागलेला.

रेणुकाला आधी कळलंच नाही. "म्हंजी तो कागद दुसऱ्याचा व्हता?"

"आकडे दुसऱ्याचे होते."

"आन् तुमाला त्याच दिवशी समजलं?"

"दुपारी."

सटवाजी रसवंतीच्या फळीवर बसला. त्यानं दोन्ही हात गुडघ्यावर ठेवले. मग म्हणाला, "तू कुठली, लेकी?"

"चारठाण्याची."

"मंग रोज आमच्या दारावरून जातीस."

ती फाट्याकडं जाणाऱ्या रस्त्याकडं बघायला लागली.

"कामून सांगितलंस आता?" म्हातारा म्हणाला. आवाजात राग नव्हता. "काळ आला व्हता, नेलं, म्हून मनाची समजूत घातली व्हती. आता काय म्हून झोपावं आमी?"

रेणुका रडली नाही. तिनं सासऱ्याला हाताला धरून उठवलं. धम्मशीलाला ती एवढंच म्हणाली, "हेच सायबापुढं सांगशील का?"

"सांगीन."

तिनं सांगितलं. तक्रार झाली, तालुक्याच्या दवाखान्यात चौकशी लागली. तोवर अवधूत सरांनी कॉम्प्युटरातलं सगळं पुसून घेतलं होतं. नागेशनंच पुसलं. नवीन अस्सल विंडोज घातली, नवीन सॉफ्टवेअर घातलं. रक्ताच्या मशीनची मेमरीही रिकामी निघाली. धम्मशीला नागेशच्या दुकानात गेली तेव्हा तो स्क्रू पिळत खाली मान घालून बोलला, "ताई, मला धंदा करायचाय ह्या गावात. तुमी मला बोलावलं, मी तारीख मागं नेली. पुढचं मला काय ठावं?" त्यानंतर तो तिच्याशी बोलला नाही. मावशीनंही तिच्या घरी येणं सोडलं.

चौकशीत अवधूत सर खोटं बोलले असं म्हणता येणार नाही. त्या दुपारी आपण डॉक्टरांना फोन लावला होता, असं त्यांनी सांगितलं. डॉक्टर परगावी होते. कंपाउंडरनं सकाळी करा म्हटलं. सकाळी लॅबमध्ये गर्दी होती.

"मग?" चौकशीला बसलेल्या साहेबांनी विचारलं.

"मग राहून गेलं," सर म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते खोटे नव्हते.

साहेब धम्मशीलाकडं वळले. पुरावा काय, असं त्यांनी विचारलं. तिच्याकडं तिचं तोंडच होतं. वर, सकाळचा रिपोर्ट तुम्हीच छापला आणि तारीख तुमच्याच अक्षरात आहे ना, असं विचारलं. तिनं हो म्हटलं. लिहून घेणाऱ्या माणसानं ते लिहून घेतलं.

शेवटी त्यांनी रेणुकाला विचारलं, तुम्हाला काही सांगायचं आहे का. ती खुर्चीवर बसली नव्हती, सासऱ्याच्या मागं भिंतीला टेकून उभी होती.

"मला मशीनचं काही समजत न्हाई," ती म्हणाली. "ते तापानं फणफणत दोन दिवस घरातच पडून व्हते. मी म्हनायची, रिपोट चांगलाय, उठा, दोन घास खावा. खात न्हाईत म्हून बोलले बी त्यांला. कुणी नुस्तं दारात येऊन हाक मारली असती, तर मी पाठीवर घालून आनलं असतं."

पंखा फिरत होता. साहेबांनी कागद सारखे केले आणि पुढची तारीख कळवू म्हणाले.

लॅब महिनाभर बंद राहिली, मग उघडली. धम्मशीलाला कुणी काढलं नाही, तीच परत कामावर गेली नाही. चौकशी झाली त्या संध्याकाळी परतताना रेणुका आणि सटवाजी त्याच जीपमध्ये चढले. दुसरी गाडी नव्हती. जागा नव्हती म्हणून रेणुका धम्मशीलाच्या शेजारीच बसली, मांडीला मांडी लागून. फाटा येईपर्यंत दोघीही समोर बघत राहिल्या. फाट्यावर म्हातारा आधी उतरला. रेणुकानं त्याची पिशवी खाली दिली, पदर सावरला आणि मागं न बघता टायरच्या दुकानाकडं चालायला लागली.